सीएसआर समित्यांना खुले पत्र : बाळंतपण आणि मार्चअखेर

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्रातील कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) समित्या

विषय : गरोदर स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना मिळणाऱ्या अनुदानाची मुदत, त्यातील खर्चाची शीर्षे आणि त्याचा हिशेब

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पाड्यांमध्ये गरोदर स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका लहान सार्वजनिक न्यासाची मी कोषाध्यक्ष आहे. उभी नोकरी बँकेत गेली आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या डॉक्टरांनी ‘आमचे तेवढे हिशेब पाहा’ म्हणून जी वही हातात दिली, ती अजून सुटलेली नाही. त्यामुळे या पत्रात वैद्यकीय ज्ञान थोडे आणि जमाखर्च जास्त असेल. आजवर ज्या कंपन्यांनी आम्हाला पैसे दिले त्यांच्याविषयी मनात कृतज्ञता आहे आणि त्यांपैकी एकीचेही नाव येथे घेणार नाही, कारण तक्रार एका कंपनीची नसून पैसा देण्याच्या रीतीची आहे, आणि ती रीत आता सर्वांचीच झाली आहे.

आमचे दुखणे एका साध्या बेरजेत सांगता येते. गर्भारपण 280 दिवसांचे धरतात. प्रसूतीनंतरचे 42 दिवसही मातेच्या दृष्टीने जोखमीचेच असतात, म्हणून मातामृत्यूच्या व्याख्येतही ते मोजले जातात. म्हणजे एका स्त्रीची पूर्ण सोबत करायची तर 322 दिवस लागतात. आमच्या ताई, म्हणजे पाड्यांवर फिरणाऱ्या कार्यकर्त्या, तिच्यापर्यंत पहिल्या दिवशी पोहोचत नाहीत; बाराव्या आठवड्यापर्यंत नोंद झाली तरी आम्ही समाधान मानतो. तेथून पुढे 238 दिवस उरतात. आता 31 मार्चपासून 238 दिवस मागे मोजा : तारीख येते 5 ऑगस्ट. त्यानंतर बाराव्या आठवड्यात नोंदवलेली एकही स्त्री, दिवस भरून बाळंत झाली तर, त्याच आर्थिक वर्षात आपला प्रवास पूर्ण करू शकत नाही. आणि आपले करारनामे आमच्या हातात केव्हा पडतात? एप्रिल-मेमध्ये प्रस्ताव मागवले जातात, जूनमध्ये समितीची बैठक होते, जुलैत कायदा विभाग मसुदा पाहतो आणि पहिला हप्ता बहुधा ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात जमा होतो. करारात मात्र ‘प्रकल्पपूर्ती 31 मार्च’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ज्या प्रकल्पात वेळेवर नोंदवलेली एकही लाभार्थी पूर्ण होणे निसर्गानेच अशक्य केले आहे, त्याच्या पूर्ततेचा अहवाल आम्ही दरवर्षी सही-शिक्क्यानिशी पाठवतो.

यात स्थलांतराची भर पडते. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. सातपुड्यात होळीचे महत्त्व दिवाळीहून मोठे. होळीला माणूस आला नाही तर काहीतरी अघटित घडले असे समजतात. त्यामुळे आपल्या वर्षाची तिसरी आणि चौथी तिमाही, म्हणजे पैसे हातात आल्यानंतरचा नेमका काळ, हा आमच्या पाड्यांवर घरे बंद असण्याचा काळ असतो. ‘तिसऱ्या तिमाहीत तपासण्या निम्म्यावर का आल्या?’ असा मेल दरवर्षी येतो. आम्ही कारण कळवतो, ते मान्यही होते आणि पुढच्या वर्षीचा तक्ता पुन्हा चार समान भागांत विभागून येतो. सहाव्या महिन्यात फडावर गेलेली बाई गोळ्या कोठून घेते, तिचे बाळंतपण कोणत्या तालुक्यात होते, तिच्याजवळचे माता-बाल संरक्षण कार्ड तिकडच्या परिचारिकेने पाहिले की नाही, हे शोधायला एक माणूस, एक फोन आणि प्रवासभाडे लागते. या तिन्हींपैकी एकालाही आपल्या अंदाजपत्रकाच्या नमुन्यात रकाना नाही.

रकाना कशाला असतो, तेही सांगते. वस्तूला असतो. बाळंतिणीच्या किटला असतो, ज्यात टॉवेल, साबण, दुपटे आणि कंपनीचे बोधचिन्ह असते. वजनकाट्याला असतो. एका वर्षी तर सोनोग्राफी यंत्र देऊ करण्यात आले होते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधाच्या 1994 च्या कायद्यान्वये त्या यंत्रासाठी केंद्राची नोंदणी हवी, ते चालवायला पात्र डॉक्टर हवा आणि प्रत्येक तपासणीची नोंद ठेवायला हवी, हे आम्ही नम्रपणे कळवले. डॉक्टरचा पगार मिळेल का, असेही विचारले. यंत्र भांडवली खर्चात बसते, पगार आवर्ती खर्चात जातो आणि आवर्ती खर्चाला समितीची मान्यता नाही, असे उत्तर आले. यंत्र आम्ही घेतले नाही. त्या वर्षी त्या कंपनीकडून दुसरे काहीही मिळाले नाही, हेही वहीत नोंदलेले आहे.

वस्तूंना माझा विरोध नाही. पण गरोदर स्त्रीच्या आरोग्यात जो खर्च खरोखर कामी येतो, तो बहुतांशी माणसाच्या वेळेचा खर्च आहे. रक्तक्षयाचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. त्यासाठी आपल्या पैशांची गरज नाही. गोळ्या पोटात जाणे ही वेगळी गोष्ट आहे. मळमळते, शौचाला काळे होते, सासू म्हणते बाळ मोठे झाले तर अडेल. या प्रत्येक अडचणीला उत्तर आहे, पण ते पावरी किंवा भिली बोलीत, तिच्या ओट्यावर बसून आणि एकाहून अधिक वेळा द्यावे लागते. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलेल्या स्त्रीला गोळ्या पुरत नाहीत. तिला शिरेतून लोह द्यावे लागते, आणि त्यासाठी चार-पाच वेळा आरोग्य केंद्रात न्यावे लागते. पाचच्याही खाली असेल तर भरती आणि रक्त. शिवाय आमच्या भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे, त्यामुळे रक्त कमी दिसले की लोह द्या इतके ते सरळ राहत नाही. हे सगळे करणारी जी परिचारिका आहे, तिच्या पगाराला अंदाजपत्रकात ‘मानधन, कमाल मर्यादा’ असे म्हणतात, आणि मोलगी गावाच्या पुढे तिला नेणाऱ्या मोटारसायकलच्या पेट्रोलला ‘प्रशासकीय खर्च’.

या शेवटच्या शब्दाशी मला थोडा वेळ थांबायचे आहे, कारण बँकेतल्या सवयीमुळे मी मूळ नियम वाचून पाहिला. सध्याच्या सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरे. पण त्याच नियमांतील व्याख्येनुसार प्रशासकीय खर्च म्हणजे कंपनीने आपल्या सीएसआर कामकाजाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. ही मर्यादा आपल्या कार्यालयाला आहे. ती आमच्या परिचारिकेच्या पेट्रोलला आणि औषधांची नोंदवही ठेवणाऱ्या मुलीच्या पगाराला कोणी लावली, याचा उगम मला सापडला नाही. बहुधा एका कंपनीच्या नमुन्यातून दुसरीच्या नमुन्यात ती उतरत गेली असावी, जसे जुने परिपत्रक रद्द झाले तरी शाखेच्या भिंतीवरून खाली उतरत नाही.

मार्चअखेरचेही तसेच. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार निकषांत बसणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम दरवर्षी खर्च करायची असते, आणि खर्च न केल्यास 2021 पासून दंडही आहे. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की आमचे फोन वाजू लागतात : ‘बारा लाख आहेत, तीस दिवसांत लावता येतील का?’ तीस दिवसांत बारा लाख रुपये गर्भवतींच्या आरोग्यावर प्रामाणिकपणे लावता येत नाहीत. तीस दिवसांत फक्त किट वाटता येतात, आणि म्हणून किट वाटले जातात. वास्तविक कायद्याने यातून वाट काढून ठेवली आहे. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलेले काम सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन आर्थिक वर्षांपर्यंत चालू शकते, आणि त्याची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत स्वतंत्र खात्यात ठेवून पुढील तीन वर्षांत वापरता येते. ही तरतूद जणू बाळंतपणासाठीच लिहिली असावी असे वाटते. आमच्या न्यासाला आजवर मिळालेल्या सीएसआर अनुदानांपैकी एकही या प्रकारात मंजूर झालेले नाही. विचारले की सांगतात, लेखापरीक्षकांना एक वर्षाचा प्रकल्प सोपा जातो.

कोणी म्हणेल, संस्थेने स्वतःची शिल्लक ठेवावी आणि एप्रिल ते ऑगस्ट त्यावर काढावेत. सल्ला घरसंसाराला योग्य आहे. पण सीएसआरचा पैसा स्थायी निधीत टाकणे 2021 च्या दुरुस्तीनंतर चालत नाही. आयकर कायद्यानुसार उत्पन्नाच्या 85 टक्के रकमेचा त्याच वर्षी उद्दिष्टासाठी विनियोग करावा लागतो. पुढे साठवायची तर वेगळा अर्ज, कारण आणि मुदत द्यावी लागते. परदेशी देणगीचा मार्ग 2020 च्या दुरुस्तीने अरुंद झाला : ज्या मोठ्या संस्था असे पैसे घेऊन आमच्यासारख्यांना वाटून देत, त्यांना ते पुढे देण्यास मनाई झाली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. 2023 पासून एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या देणगीपैकी 85 टक्केच विनियोग म्हणून धरली जाते, त्यामुळे देशातल्या देशातही मोठी संस्था लहानीला हात देताना दोनदा विचार करते. या प्रत्येक नियमामागे काहीतरी कारण असेल, गैरप्रकारही झाले असतील. परिणाम मात्र एवढाच की एप्रिल ते ऑगस्ट आमच्या दहा ताई उसनवारीवर काम करतात, आणि त्यांपैकी दोघी दरवर्षी दुसरीकडे नोकरी धरतात. नव्या ताईला रक्तदाबाची फीत नीट बांधायला शिकवून होते तोवर दिवाळी येते.

आता मोजमापाकडे येते. ‘प्रति लाभार्थी खर्च’ हा आपला आवडता आकडा आहे. तो कमी दाखवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे डांबरी रस्त्यालगतच्या गावांत काम करणे, जेथे आशाताई पोहोचलेल्या आहेतच. वरच्या पाड्यावरच्या एका स्त्रीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणणे, तेथून मोलगी किंवा धडगावचे रुग्णालय आणि पुढे चांदशैली घाट उतरून नंदुरबार, यांत जितका खर्च होतो तितक्यात खालच्या गावांत पुष्कळ नोंदी भरतात. वर्तमानपत्रांनी त्या झोळीला ‘बांबूलन्स’ असे नाव दिले आहे. शब्द चटकदार आहे, पण झोळी खांद्यावर घेणाऱ्यांना तो कोणी सांगितलेला दिसत नाही. पावसाळ्यात घाटात दरड आली की सगळेच गणित बदलते. त्या एका स्त्रीमुळे आमचा प्रति लाभार्थी खर्च बिघडतो, आणि तीच खरी लाभार्थी असते.

दुसरा आकडा ‘मातामृत्यू शून्य’. तो अहवालाच्या मुखपृष्ठावर छापायला बरा दिसतो, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिते. नमुना नोंदणी पद्धतीनुसार 2018-20 या काळात महाराष्ट्राचे मातामृत्यू प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे 33 होते, देशाचे 97. आमच्या कार्यक्षेत्रात वर्षाला हजार जन्म होतात असे धरले, तर राज्याच्या सरासरीने तीन वर्षांत एक मृत्यू अपेक्षित आहे. सातपुड्यातील प्रमाण त्याच्या पाचपट धरले तरी वर्षाला दीड-पावणेदोन. म्हणजे एखाद्या वर्षी शून्य येणे हे आमचे कर्तृत्व ठरत नाही आणि पुढच्या वर्षी दोन येणे हा आमचा नालायकपणाही ठरत नाही; एवढ्या लहान संख्येत दैव फार बोलते. शिवाय ती सरासरी राज्याची आहे, तीत आमचा जिल्हा वेगळा दिसतच नाही. आपण विचारायचेच असेल तर असे विचारा : हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेल्या किती स्त्रिया सापडल्या, त्यांपैकी किती जणींचे प्रसूतीपूर्वी नऊच्या वर गेले, रक्तदाब वाढलेल्या किती जणी रुग्णालयात पोहोचल्या, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात किती जणींना घरी जाऊन पाहिले आणि स्थलांतरित झालेल्या किती जणींचा ठावठिकाणा लागला. या प्रश्नांची आमची उत्तरे दरवेळी अभिमानास्पद नसतील. शेवटच्या प्रश्नाचे तर मुळीच नाहीत.

‘हे काम सरकारचे नाही का?’ हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. आहे. आणि सरकारची सोय कागदावर कमी नाही : जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत आहे, प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये आहेत, दर महिन्याच्या 9 तारखेला डॉक्टरांकडून तपासणीचे अभियान आहे, आदिवासी भागात एक वेळच्या चौरस आहाराची अमृत आहार योजना आहे आणि प्रसूतीपूर्वी केंद्राजवळ येऊन राहण्यासाठी माहेरघर आहे. आमचे बरेचसे काम म्हणजे स्त्रीला तिच्याच हक्काच्या या गोष्टींपर्यंत नेणे. आधार कार्डावर माहेरचे नाव, बँक खात्यावर सासरचे, आणि खाते दीर्घकाळ व्यवहार न झाल्याने अडकलेले. यातून पाच हजार रुपये सोडवायला एका ताईचे तीन दिवस जातात. आपल्या अंदाजपत्रकात या तीन दिवसांची किंमत शून्य आहे, कारण पैसे ‘सरकारने’ दिले.

धीराने काय होते याचे उदाहरण महाराष्ट्राबाहेर शोधावे लागत नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केले आणि गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळाच्या घरच्या घरी काळजीचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले; त्यापूर्वी काही वर्षे जन्म-मृत्यू मोजण्यात आणि गावातल्या आरोग्यदूत घडवण्यात गेली होती, आणि पुढे तीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली. ती मोजण्याची वर्षे आजच्या एखाद्या समितीपुढे आली असती तर ‘लाभार्थी : शून्य’ असा शेरा मिळाला असता.

आता आमची बाजू, कारण ती लपवून हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार उरणार नाही. एका वर्षी आम्ही आमच्या लेखापालाला अंदाजपत्रकात ‘समुदाय संघटक’ म्हणून दाखवले. तो संघटन काही करत नव्हता; विनियोग प्रमाणपत्रे आणि पावत्या करत होता, म्हणजे आपण मागत होता तेच. सही माझी होती. दुसऱ्या वर्षी एका जीपचे भाडे दोन देणगीदारांच्या अहवालांत अंशतः दोनदा आले. चूक लेखापरीक्षणात सापडली आणि आम्ही एकाचे पैसे परत केले, पण ती झाली कशी, तर पाच देणगीदारांचे पाच नमुने, पाच वेगवेगळी वर्षे आणि एकच जीप. संस्थांमध्ये लबाडी असतेच, ती पकडलीही पाहिजे. पण जो नमुना खरे लिहिणाऱ्याला नापास करतो, तो लबाडी पकडत नाही, शिकवतो.

म्हणून न्यासाच्या विश्वस्तांनी पुढील वर्षापासून एक ठरवले आहे. सर्व देणगीदारांना एकच अंदाजपत्रक आणि एकच लेखापरीक्षित जमाखर्च जाईल, ज्यात प्रत्येक ताईचा पगार कोणाच्या पैशातून किती निघाला, पेट्रोल किती लागले, लेखापालाला किती दिले, हे त्यांच्या खऱ्या नावांनी लिहिलेले असेल. धर्मादाय आयुक्तांकडे जे जाते तेच आपल्याकडे येईल. कोणाला स्वतःचा नमुना हवा असेल तर त्याचा खर्च आम्ही अंदाजपत्रकात वेगळा दाखवू.

आपल्याकडे मागणे असे की गरोदर स्त्रियांच्या आरोग्याचा प्रत्येक प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून, किमान दोन पूर्ण वर्षांसाठी मंजूर व्हावा; पहिला हप्ता एप्रिलमध्ये मिळावा, आणि तिमाही उद्दिष्टे दिवाळी व होळी पाहून ठरावीत. पगार, प्रवास आणि हिशेब यांना प्रकल्पाचाच खर्च मानले जावे. कंपनीच्या जवळच्या परिसराला प्राधान्य देण्याचे कायद्यातील वाक्य वाचताना एवढे ध्यानात असावे की राज्यांमध्ये सीएसआरचा सर्वाधिक पैसा महाराष्ट्रात खर्च होतो, पण त्यातला मोठा भाग मुंबई, ठाणे आणि पुणे यांच्या आसपास राहतो. धडगावला कारखाना नाही, म्हणून धडगाव कोणाच्याच जवळ नाही. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे चार जिल्हे केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे मागे पडलेल्या आणि विशेष लक्ष द्यायच्या, जिल्ह्यांच्या यादीत 2018 पासून आहेत. निदान तेवढ्यांसाठी तरी ‘जवळ’ या शब्दाचा अर्थ थोडा सैल करावा.

आपल्या समितीतील कोणा सदस्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मार्चमध्ये येऊ नये. तेव्हा आम्ही आपलेच अहवाल भरत असतो. जुलैच्या 9 तारखेला यावे. त्या दिवशी तपासणी असते, पाड्यांवर घरे उघडी असतात, आणि पावसात रस्ता कोठे संपतो तेही कळते. बॅनर आणू नये, भिजतो. खतावणी मी काढून ठेवते.

आपली,
एका सार्वजनिक न्यासाची कोषाध्यक्ष,
जिल्हा नंदुरबार